वळणात ताणणारा, सरळ चालताना घासणारा एअर होस

नंतर येणाऱ्यालाही कळावं म्हणून तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. आठ महिने घोडा-ट्रेलर चालवताय (घोडा म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची गाडी). कॅबिनमागून ट्रेलरला ब्रेकची हवा नेणारे एअर होस डेकवर, म्हणजे घोड्याच्या मागच्या सपाट भागावर, घासत होते, म्हणून ते नायलॉनच्या दोरीने वर आवळून बांधलेत. दोन दिवसांनी रिव्हर्समध्ये ट्रेलर काटकोनात आणताना लाल होस कपलिंगमधून (होस जोडायच्या तोंडातून) निसटला, फाडकन आवाज झाला आणि ट्रेलरने जागच्या जागी ब्रेक पकडले. आता विचारताय, होस आखूड घेऊ, लांब घेऊ की कॉइलवाला (स्प्रिंगसारखा वेटोळ्यांचा) घेऊ? आणि जाता जाता लिहिलंय, झिजलेल्या जागी टेप गुंडाळलाय, चालेल ना.

टेपचं शेवटी बघू.

मी बारा वर्षं गाडी चालवली आणि त्यानंतर ट्रेलरच्या ब्रेकचंच काम करतोय. तुमच्यासारखं प्रकरण महिन्याला दोन-तीन तरी येतात आणि जवळपास सगळ्यांत गोची तीच असते. ड्रायव्हर खाली उतरतो, होस लोंबताना दिसतो, तो आवळतो. पण गाडी उभी असते तेव्हा ती बहुतेक सरळच उभी असते. वळणात होस कसा दिसतो हे त्याने कधी पाहिलेलंच नसतं, कारण तेव्हा तो स्टिअरिंग आणि आरशात गुंतलेला असतो. आणि होस तुटतो किंवा निसटतो तो वळणातच. त्यामुळे कुठला होस घेऊ याच्या आधी तुम्हाला एक गोष्ट माहीत हवी: घोड्यावरचं टोक आणि ट्रेलरवरचं टोक यांतलं अंतर कमीत कमी किती होतं आणि जास्तीत जास्त किती.

आकडे घालून बघा. घोड्यावर होस जिथून निघतो ती जागा किंगपिनच्या, म्हणजे ट्रेलर ज्या पिनभोवती वळतो तिच्या, 1.8 मीटर पुढे आहे असं धरा. ट्रेलरच्या नाकावरची कपलिंग किंगपिनच्या 0.9 मीटर पुढे. गाडी सरळ असताना दोन टोकांत अंतर 0.9 मीटर. आता ट्रेलर काटकोनात वळवा. कपलिंग किंगपिनभोवती गोल फिरून बाजूला गेली, आणि तेच अंतर झालं 2 मीटर. म्हणजे दुपटीपेक्षा जास्त. सरळ रस्त्यावर नीटनेटका दिसेल असा बांधलेला होस इथे कमी पडणारच, त्यात होसचा दोष काही नाही. वरून फिफ्थ व्हील, म्हणजे किंगपिन धरणारी घोड्यावरची थाळी, सरकवता येणारं असेल आणि कुणी ते 30 सेंटीमीटर मागे घेतलं असेल, तर वळणातलं अंतर 2.3 मीटरच्या आसपास जातं. पुष्कळदा ड्रायव्हर म्हणतो, "गेले सहा महिने हेच होस चालत होते की!" मग विचारलं की कळतं, मागच्याच आठवड्यात एक्सलवरचं वजन जुळवायला फिफ्थ व्हील मागे घेतलं होतं.

आणखी एक गंमत आहे, ती फार कमी लोकांच्या लक्षात येते. ट्रेलरच्या कपलिंग नाकाच्या मधोमध नसून डावीकडे 30 सेंटीमीटर असतील, तर डावीकडचं आणि उजवीकडचं वळण सारखं राहत नाही. वरच्याच आकड्यांत डावीकडे काटकोनात वळलात तर 1.75 मीटर लागतात आणि उजवीकडे 2.28. उजवीकडे वळताना ट्रेलरचं नाक डावीकडे जातं आणि कपलिंग आधीच डावीकडे असल्याने ती आणखी मागे खेचली जाते. अर्ध्या मीटरचा फरक! तुम्ही लिहिलंय की होस "कधी कधीच" ताणतो. माझा अंदाज असा की तो कधी कधी ताणत नसून एकाच बाजूला ताणतो. पुढच्या वेळी कुठल्या बाजूला ते बघा.

हे मोजायला कागदावरचं गणित लागत नाही. मोकळी सपाट जागा घ्या, एका माणसाला बाहेर असं उभं करा की त्याला होस दिसतील पण तो गाडी आणि ट्रेलर यांच्या मधे किंवा वळणाच्या आतल्या बाजूला नसेल. रोजच्या कामात जेवढं जास्तीत जास्त वळवावं लागतं तेवढं सावकाश वळवा. ताण दिसला की तो हात वर करेल, तुम्ही तिथेच थांबाल. पार्किंग ब्रेक ओढा, चाकांना उटी (अडवणारे ठोकळे) लावा, मग टेपने मोजा. दुसऱ्या बाजूलाही हेच. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि याशिवाय होस विकत घेणं म्हणजे पाय न मोजता चप्पल घेण्यासारखं आहे.

आता लांबी. माझा ठोकताळा असा: साधा सरळ रबरी होस असेल तर सगळ्यात जास्त मोजलेल्या अंतरापेक्षा अर्धा मीटर जादा. कॉइल होस असेल तर छापील लांबीच्या दोन-तृतीयांशात तुमचं कमाल अंतर बसायला हवं. 12 फुटी कॉइल म्हणजे साधारण 3.65 मीटर, त्याचे दोन-तृतीयांश 2.4. वरच्या उदाहरणातलं 2.28 त्यात मावतं. 2.8 लागत असेल तर 15 फुटी घ्या. कॉइल पूर्ण लांबीपर्यंत ओढली जाते तेव्हा ती स्प्रिंगसारखी कपलिंगला खेचत राहते, आणि कपलिंगचा रबर सील त्या तिरक्या ओढीने एका बाजूने उचलला जातो. होस निसटत नाही, पण वळणात हवा फुसफुसते आणि गाडी सरळ झाली की गळती गायब. असली गळती शोधताना मेकॅनिकचं डोकं फिरतं.

कॉइल की सरळ, हे खरंच परिस्थितीवर आहे. एकाच घोड्याला रोज वेगवेगळे ट्रेलर लागत असतील तर मी कॉइल सुचवेन, कारण अंतर बदलत राहतं आणि कॉइल स्वतःला आवरून घेते. पण नायलॉनची कॉइल कडाक्याच्या थंडीत ताठरते, आणि उन्हात वर्ष-दोन वर्षं काढली की तिच्यातला जीव जातो. मग ती पोटातून लोंबायला लागते, तुमच्या जुन्या होससारखीच डेकला घासते. एक्झॉस्टची नळी कॅबिनमागे उभी असेल तर लोंबणारी कॉइल तिला टेकून मऊ पडलेली मी स्वतः काढली आहे; वितळलेल्या जागी अंगठा दाबला तर खड्डा पडत होता. घोडा आणि ट्रेलर कायमचे एकमेकांचेच असतील, रस्ता खराब असेल, थंडी असेल, तर चांगला रबरी होस जास्त टिकतो. फक्त त्याला वर धरायला काहीतरी हवं. तुम्ही तिथेच चुकलात, दोरी लावलीत.

दोरीचा दोष असा की ती धरून ठेवते, सोडत नाही. होसला वर उचलणारी गोष्ट लवचीक हवी: कॅबिनमागे उभा स्प्रिंगवाला दांडा, किंवा वरच्या आडव्या सळईवर सरकणारी कडी, आणि तिच्यापासून खाली स्प्रिंग, त्या स्प्रिंगच्या टोकाला होस धरणारी पट्टी. सरळ असताना स्प्रिंग होसचं पोट वर उचलून धरते. वळणात होस ओढला गेला की स्प्रिंग किंवा दांडा वाकून जागा देतो आणि सरळ झाल्यावर परत घेतो. सामानाला लावतो ती इलॅस्टिकची हूकवाली दोरी वाटेत अडलं तर एक दिवस चालते. उन्हात तिचा ताण महिनाभरात जातो आणि तिचा लोखंडी हूक होसला चरतो.

पट्टी कुठे लावायची याला मी जरा वेळ देतो, कारण सगळा खेळ इथेच आहे. गाडी पूर्ण वळवून, म्हणजे होस सगळ्यात जास्त ओढलेले असताना, पट्टीपासून ट्रेलरच्या कपलिंगपर्यंतचा भाग अजून थोडा ढिला हवा. हाताने हलवला तर तो सहज झुलला पाहिजे. मग गाडी सरळ करा आणि बघा की पोट डेकपासून निदान वीतभर वर आहे की नाही. दोन्ही जमलं तर पट्टीच्या जागी होसवर रंगीत टेपचा एक वेढा द्या, म्हणजे पुढच्या वेळी पट्टी घसरली तर लगेच दिसेल. दोन्ही जमत नसेल तर लांबी चुकली आहे किंवा दांडा बुटका आहे. तिथे ओढाताण करू नका. प्लास्टिकच्या झिप-टायने होस करकचून बांधू नका. तिची कापलेली टोकं ब्लेडसारखी असतात, आणि आवळलेल्या जागी होस वळू-फिरू शकत नसल्याने नेमका तिथेच पिचतो. बांधायचंच असेल तर खाली रबराचा तुकडा घाला आणि बोट जाईल इतकं सैल ठेवा.

इलेक्ट्रिकची केबलही याच पट्टीत येते, आणि तिला विसरू नका. तीन-चार लाइन एकत्र बांधल्या की सगळ्यात आखूड असेल ती सगळ्यांचा ताण खाते. ती एबीएसची (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) केबल निघाली तर डॅशबोर्डवर दिवा लागतो, विझतो, परत लागतो, आणि लोक सेन्सर बदलत बसतात. केबल होसपेक्षा चार बोटं जास्तच सैल ठेवा.

आता तुम्हाला जे घडलं त्याच्याबद्दल. लाल होस निसटल्यावर ट्रेलर जाम झाला ही यंत्रणा बिघडल्याची खूण नव्हती. ती बरोबर चालली. लाल ही पुरवठ्याची, इमर्जन्सीची लाइन. तिच्यातून ट्रेलरच्या टाकीत हवा जाते आणि त्याच हवेने स्प्रिंग ब्रेक उघडे राहतात. हवा गेली की स्प्रिंग ब्रेक लावते. घोड्याची स्वतःची हवा सगळी निघून जाऊ नये म्हणून मधला संरक्षक व्हॉल्व्ह बंद होतो; उत्तर अमेरिकी पद्धतीच्या गाड्यांत तो 20 ते 45 पीएसआयच्या (हवेचा दाब मोजायचं एकक) दरम्यान आपोआप मिटतो. दुसरी लाइन सर्व्हिसची, त्या गाड्यांत निळी, युरोपीय पद्धतीत पिवळी. तिच्यात पेडल दाबल्यावरच हवा येते. आणि म्हणून जास्त भीती मला त्या दुसऱ्या लाइनची वाटते. लाल फुटली तर लगेच कळतं. निळी किंवा पिवळी फाटलेली असेल तर तुम्ही पेडल दाबेपर्यंत काहीच कळत नाही, आणि दाबता तेव्हा ट्रेलरला ब्रेक नसतात, वर हवाही भसाभस जाते. उतारावर हे कळून उपयोग काय?

म्हणून गळती दोनदा तपासायची. टाकी भरा, इंजिन बंद करा, गाडीला उटी लावा, ब्रेक सोडा. अमेरिकेतल्या व्यावसायिक परवान्याच्या चाचणीत घोडा-ट्रेलरसाठी मर्यादा अशी असते: ब्रेक सोडलेले असताना मिनिटाला 3 पीएसआयपेक्षा जास्त उतरता कामा नये, आणि पेडल दाबून धरल्यावर, पहिला उतार सोडून, मिनिटाला 4 पीएसआय. तुमच्याकडच्या नियमाचा आकडा वेगळा असू शकतो, पण पेडल दाबूनही बघायचं ही पद्धत सगळीकडे तीच. दुसरा माणूस पेडलवर बसवा आणि तुम्ही साबणाचं पाणी घेऊन कपलिंगपाशी जा. एकटे असाल आणि कॅबिनमध्ये फक्त ट्रेलरचे सर्व्हिस ब्रेक लावणारा हाताचा दांडा वेगळा असेल तर तो ओढून ठेवा, सर्व्हिस लाइनमध्ये हवा येते.

कपलिंगच्या सीलबद्दल थोडक्यात. गळती असली की लोक सील बदलतात आणि गळती तशीच राहते, कारण घाण सीलच्या खाली, खोबणीत असते. जुना सील काढल्यावर खोबणी बोथट पेचकसाने खरवडून फडक्याने पुसा. नवा सील दुमडून आत घाला आणि बोटाने सगळीकडून बसवा. रबरी सीलला ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका, त्याने रबर फुगतं. हवंच तर साबणाचं पाणी किंवा सिलिकॉन. ट्रेलर सोडून ठेवताना कपलिंग उघडी टाकू नका. घोड्याची टोकं त्यांच्या ठरलेल्या हूकवर किंवा झाकणात अडकवा. उघड्या तोंडात कुंभारमाशी घर करते, आणि त्या मातीचा गोळा पुढे कुठल्या व्हॉल्व्हमध्ये अडकेल ते सांगता येत नाही.

माझी एक चूक सांगतो, तुम्हालाही ती करायची वेळ येईल म्हणून. पहिल्याच वर्षी रात्री, टॉर्च तोंडात धरून, मी लाल आणि निळी एकमेकींच्या जागी जोडली. हाताला हात मिळवल्यासारख्या बसणाऱ्या त्या कपलिंग दोन्ही लाइनना बहुतेक सारख्याच असतात, उलट जोडल्या तरी बसतात. ट्रेलर हलेना. मला वाटलं ब्रेक चिकटले, अर्धा तास चाकांवर हातोडा मारत बसलो. हवा टाकीत न जाता सर्व्हिसच्या बाजूला जात होती, त्यामुळे स्प्रिंग ब्रेक उघडतच नव्हते. तेव्हा मला फक्त अर्धा तास गेला. पण ज्या जुन्या ट्रेलरला स्प्रिंग ब्रेकच नसतात आणि टाकीतली हवा आधीच गेलेली असते, तो अशा उलट जोडणीवर निमूटपणे मागे येतो, आणि त्याला ब्रेक मात्र नसतात. युरोपीय पद्धतीच्या कपलिंगला खाचा वेगळ्या असतात, तिथे ही चूक सहसा होत नाही. तुमच्या ट्रेलरच्या कपलिंगवर रंग उडाला असेल तर आजच रंगवून घ्या.

एक गोष्ट मात्र चुकूनसुद्धा करू नका. होस निसटला म्हणून घाईत खाली उतरून तो परत जोडायला जाऊ नका. ज्या गाड्यांत घोड्याच्या लाल कपलिंगला हवा हजर असते, तिथे लाल लाइन जोडल्याबरोबर ट्रेलरचे ब्रेक सुटतात. घोड्याचा पार्किंग ब्रेक लावलेला नसेल आणि ट्रेलरचाही नसेल, तर सगळी जोडणी चालायला लागते, आणि तुम्ही त्या वेळी नेमके कॅबिन आणि ट्रेलर यांच्या मधल्या फटीत उभे असता. अशाने माणसं गेली आहेत. आधी घोड्याचा पार्किंग ब्रेक, मग इंजिन बंद आणि किल्ली खिशात, मग खाली उतरून ट्रेलरचा पार्किंग ब्रेक असेल तर तो, आणि मगच होसला हात. होस सोडवतानाही लाल लाइनची हवा आधी बंद करा, नाहीतर हवा भरलेला होस हातातून सुटून तोंडावर येतो. जोडणी झाली की ट्रेलरचे ब्रेक लावून सावकाश पुढे ओढून बघा, ट्रेलर धरतो का.

तर तुमच्या बाबतीत क्रम असा: दोरी काढा, दोन्ही बाजूंना वळवून मोजा, ट्रेलर बदलत असतील तर त्यातल्या सगळ्यात जास्त अंतर लागणाऱ्यावर मोजा, आणि मग होस घ्या. आखूड घ्यायचा विचार डोक्यातून काढा. स्प्रिंगचा दांडा होसबरोबरच घ्या, नंतर घेईन म्हणू नका.

आता टेप. होसच्या वरच्या रबरावर नुसती चकाकी आली असेल, चिमटीत धरल्यावर आतलं विणकाम दिसत नसेल, तर तो झिजायला लागलाय. जागा बदला आणि लक्ष ठेवा. विणकामाचे धागे दिसत असतील, किंवा बोटाखाली फुगवटा लागत असेल, तर तो संपला. टेपने हवा धरत नाही, उलट झीज डोळ्याआड जाते. तुमच्या फोटोत टेपच्या कडेने पांढुरके धागे बाहेर आलेले दिसताहेत. तो होस गाडी पुढे न्यायच्या आधी बदला, आणि बदलताना शेजारच्या दुसऱ्या होसचाही टेप काढून बघा, कारण दोघे एकाच जागी घासत होते. मोजलेली दोन्ही बाजूंची अंतरं, कपलिंग मध्यापासून किती सरकलेल्या आहेत आणि एक्झॉस्ट कुठल्या बाजूला आहे एवढं इथे लिहा, म्हणजे दांडा कुठे उभा करायचा ते सांगता येईल.